ओळखीच्या शब्दाची विलायत
आम्हा कोथरूडकरांना ‘विलायत’ म्हटले की साहेबाचा देश आठवतो. पण १९७० साली आयातुल्ला खोमेनी यांनी इराकातील नजफ येथे फारसीत जी व्याख्याने दिली, त्यांतली विलायत निराळी! ‘विलायते फकीह’ म्हणजे धर्मशास्त्रज्ञाच्या हाती राज्याचे पालकत्व. १९७९ साली हे तत्त्व इराणच्या राज्यघटनेत आले.

उर्दू अनुवादकाला हे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. मेख आहे ती इथेच. उर्दूत विलायत म्हणजे परदेशही आणि वलीचे साधुत्वही. आपला ‘अवलिया’ त्याच धातूचा! वाचकाने नुसते साधुत्व वाचले, तर राज्यसत्तेचा अर्थ निसटलाच म्हणायचा.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, अनोळखी शब्दासाठी कोश उघडालच; ओळखीच्या शब्दासाठी आधी उघडा.