शालेय बॅटरी संकलन

शालेय बॅटरी संकलन म्हणजे घरोघरी वापरून निकामी झालेले सेल व लहान बॅटऱ्या विद्यार्थी आणि पालक यांच्या सहभागातून शाळेत गोळा करून त्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगाकडे सोपविण्याचा उपक्रम होय. सुटे सेल प्रत्येक घरात थोड्या संख्येने निर्माण होतात आणि त्यांना भंगारात जवळजवळ किंमत नसते. त्यामुळे ते गोळा करणारी कोणतीही स्वाभाविक व्यवस्था उभी राहत नाही. गावातील किंवा वस्तीतील बहुतेक कुटुंबांशी रोजचा संबंध असलेली संस्था म्हणून शाळा ही उणीव भरून काढू शकते. संकलन झालेल्या मालाची पुढील वाहतूक व प्रक्रिया निश्चित नसल्यास मात्र हाच उपक्रम घातक कचरा मुलांच्या सान्निध्यात साठवून ठेवणारा ठरतो.

शब्दप्रयोग

मराठीत ‘बॅटरी’ हा शब्द तीन अर्थांनी रूढ आहे. हातात धरावयाचा विजेरीचा दिवा, वाहनात किंवा इन्व्हर्टरला जोडलेली जड बॅटरी आणि घड्याळ, रिमोट, खेळणी यांत बसणारा लहान विद्युतघट या तिन्हींना बॅटरी म्हणतात. शेवटच्या प्रकारासाठी ‘सेल’ हा शब्द अधिक प्रचलित असून आकारानुसार त्याला पेन्सिल सेल, मोठा सेल किंवा बटण सेल असे म्हटले जाते. शालेय संकलन प्रामुख्याने या सेलपुरते मर्यादित असते. त्यामुळे नेमके काय आणावयाचे हे पालकांना नमुना दाखवून सांगावे लागते.

पार्श्वभूमी

फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये तयार केलेल्या विद्युतघटापासून आजचा कोरडा सेल विकसित झाला. ग्रामीण महाराष्ट्रात शाळा आणि निकामी सेल यांचा संबंध जुना आहे. जुने सेल फोडून त्यांतील काळ्या पुडीने शाळेचा फळा काळा करण्याची पद्धत अनेक गावांत होती. प्रयोगशाळेत विद्युत अपघटनाच्या प्रयोगासाठी लागणारी कार्बनची कांडीही अशाच सेलमधून काढली जाई. त्या काळी घरात टॉर्च आणि रेडिओ एवढीच सेलवर चालणारी साधने असत. पुढे भिंतीवरील घड्याळे, रिमोट, खेळणी, मोबाइल फोन आणि वजनकाटे यांमुळे सेलची संख्या व त्यांतील रसायनांची विविधता दोन्ही वाढली. जस्त-कार्बन सेल वगळता इतर अनेक प्रकार फोडणे धोक्याचे असते.

बॅटऱ्यांचे प्रकार

जस्त-कार्बन सेल: जस्ताचे भांडे, मँगनीज डायऑक्साइडचे मिश्रण आणि मध्यभागी कार्बनची कांडी अशी याची रचना असते. विभवांतर १.५ व्होल्ट असते. वापर संपल्यावर जस्त झिजून सेल गळू लागतो.

अल्कलाइन सेल: यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक अल्क असतो. सेल गळल्यास त्वचेला व डोळ्यांना इजा होऊ शकते.

निकेल-कॅडमिअम व निकेल-धातू हायड्राइड: हे पुन्हा प्रभारित करता येणारे १.२ व्होल्टचे घट आहेत. यांपैकी पहिल्यातील कॅडमिअम हा मूत्रपिंडास अपायकारक असा विषारी धातू आहे.

लिथियम-आयन: मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप आणि विजेवर चालणारी वाहने यांत वापर होतो. दबल्यास, भोक पडल्यास किंवा दोन्ही अग्रे धातूने जोडली गेल्यास पेट घेण्याचा धोका असतो.

बटण सेल: यांचे सिल्व्हर ऑक्साइड, जस्त-वायू, लिथियम इत्यादी प्रकार असतात. लहान मुलाने लिथियम बटण सेल गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून सुमारे दोन तासांत गंभीर जखम करू शकतो.

शिसे-आम्ल बॅटरी: वाहने, इन्व्हर्टर व फवारणी पंप यांत वापरली जाते. हिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि आत सौम्य गंधकाम्ल असते.

दोन विरुद्ध समस्या

सेल आणि शिसे-आम्ल बॅटरी यांच्या कचऱ्याचे प्रश्न परस्परविरुद्ध आहेत. निकामी सेलला भाव नसल्याने तो कचऱ्यात जातो. शहरात ओल्या कचऱ्यात मिसळलेला सेल खतनिर्मितीच्या ढिगात गंजतो आणि त्यातील धातू खतात किंवा झिरपणाऱ्या पाण्यात उतरतात. खेड्यात तो उकिरड्यावर पडतो आणि शेणखताबरोबर शेतात पोहोचतो. जस्त व मँगनीज अल्प प्रमाणात पिकाची सूक्ष्म अन्नद्रव्ये असली, तरी कॅडमिअम, शिसे व पारा तशी नाहीत. उघड्यावर कचरा पेटविल्यास सेल फुटतात आणि त्यांतील काही धातू धुरात मिसळतात.

शिसे-आम्ल बॅटरीला याउलट चांगला भाव मिळतो, म्हणून ती कचऱ्यात क्वचितच दिसते. परंतु तिचा काही भाग परवाना नसलेल्या भट्ट्यांमध्ये जातो. तेथे बॅटरी हाताने फोडली जाते, आम्ल जमिनीवर ओतले जाते आणि शिसे उघड्यावर वितळविले जाते. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांपैकी एकाच्या, रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळते. शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्चक्रीकरण हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून या अहवालात नोंदविले आहे. या कारणाने शालेय संकलनात शिसे-आम्ल बॅटऱ्या स्वीकारल्या जात नाहीत. नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे परत करणे हा त्यांच्यासाठीचा मार्ग आहे.

कायदेशीर चौकट

भारतात बॅटरी (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००१ हे केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांना लागू होते. लहान सेल त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये वापरलेल्या बॅटऱ्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात करण्यात आली. अशा कचऱ्यासाठी शहरात दर २० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक जमा केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर सोपविण्यात आली.

ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. लहान वहनीय, वाहनांतील, औद्योगिक आणि विद्युत वाहनांच्या अशा सर्व बॅटऱ्या त्यांच्या कक्षेत आल्या. विस्तारित उत्पादक जबाबदारी हे या नियमांचे मुख्य तत्त्व आहे. बाजारात बॅटरी आणणाऱ्या उत्पादकाने ती निकामी झाल्यावर गोळा करून पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करावयाची असते. बॅटऱ्या जमिनीत पुरणे व जाळणे यांस मनाई आहे. वहनीय बॅटरीतील पाऱ्याचे प्रमाण वजनाच्या ०.०००५ टक्के, तर कॅडमिअमचे ०.००२ टक्के यापेक्षा अधिक असता कामा नये. वहनीय बॅटऱ्यांमधून २०२४-२५ मध्ये किमान ७० टक्के, २०२५-२६ मध्ये ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळविण्याचे लक्ष्य पुनर्चक्रीकरण उद्योगांना घालून दिले आहे. निकामी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्या संस्थेकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरविले आहे. बॅटरीवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह याच कर्तव्याचे सूचक आहे.

कार्यपद्धती

संकलनाची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून केली जाते. माल कोण नेणार, किती वजन जमल्यावर नेणार आणि त्याची पावती कशी मिळणार हे ठरल्यानंतरच शाळेत पेटी ठेवली जाते. महाराष्ट्रात पुनर्चक्रीकरण उद्योगांची नोंदणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. मंडळाचे एक प्रादेशिक कार्यालय नाशिक येथे आहे.

मुले घरातील निकामी सेल ठरलेल्या दिवशी आणतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांचे प्रकारानुसार वर्गीकरण होते. लिथियम व बटण सेल वेगळे काढून त्यांच्या दोन्ही अग्रांवर चिकटपट्टी लावली जाते. तारीख, प्रकार, संख्या आणि वजन यांची नोंद वहीत केली जाते. ही नोंद गणित व विज्ञानाच्या अध्यापनातही उपयोगी पडते. इयत्ता आठवीच्या विज्ञानात कोरडा विद्युतघट, लेड-आम्ल विद्युतघट व निकेल-कॅडमिअम घट यांचा अभ्यास असल्याने विषय पाठ्यक्रमाशी सहज जोडला जातो. पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती ही उपक्रम आणि गाव यांतील दुवा ठरते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.

सुरक्षितता

पेटी प्लॅस्टिकची, झाकणाची आणि कोरड्या, हवेशीर जागी ठेवलेली असते. वर्गखोली, पोषण आहाराचे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी यांपासून ती दूर ठेवली जाते. गळके सेल हातमोजे घालून प्रौढ व्यक्तीच उचलते आणि वेगळ्या पिशवीत बंद करते. फुगलेली मोबाइल बॅटरी कोरड्या वाळूने भरलेल्या डब्यात इमारतीबाहेर ठेवली जाते. बटण सेलची पेटी कुलपात असते आणि बालवाडीच्या मुलांकडे हे काम दिले जात नाही. गोळा झालेला कोणताही सेल फोडला किंवा तापविला जात नाही. निकामी सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरण्याची सवय गळतीस कारण होत असल्याने तीही परावृत्त केली जाते.

पुनर्चक्रीकरण

कारखान्यात सेलचे रासायनिक प्रकारानुसार वर्गीकरण होते. जस्त-कार्बन व अल्कलाइन सेल यंत्राने भरडून चुंबकाच्या साहाय्याने पोलाद वेगळे केले जाते. उरलेल्या काळ्या भुकटीतून जस्त व मँगनीज यांची संयुगे मिळविली जातात. लिथियम-आयन बॅटरी आधी पूर्ण निष्प्रभारित केली जाते. तिच्यातून तांबे, ॲल्युमिनियम, कोबाल्ट, निकेल व लिथियम परत मिळतात. उपयोगात न येणारा अवशेष घातक कचऱ्याच्या विल्हेवाट प्रकल्पात जातो. महाराष्ट्रात असे प्रकल्प तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे आहेत.

नाशिक जिल्ह्यातील संदर्भ

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके असून शहरी, बागायती आणि आदिवासी अशा तिन्ही परिसरांत बॅटरी कचऱ्याचे स्वरूप भिन्न आहे. नाशिक शहरात घरोघरचा कचरा घंटागाडीने गोळा होऊन पाथर्डी परिसरातील खत प्रकल्पात जातो. शहराचे क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर असल्याने २०१६ च्या नियमांतील प्रमाणानुसार घरगुती घातक कचऱ्याची सुमारे १३ जमा केंद्रे आवश्यक ठरतात. एका केंद्राच्या वाट्याला अनेक प्रभागांतील वस्ती येते. केवळ चार सेल टाकण्यासाठी तेथपर्यंत कोणी जाईल अशी शक्यता कमी असते, तर शाळेचे दप्तर मात्र रोज घरातून निघते.

निफाड, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यात बॅटरीवरील फवारणी पंप सर्रास वापरले जातात. रात्रीच्या वीजपुरवठ्यात पिकांना पाणी देण्यासाठी आणि बिबट्याचा वावर असलेल्या भागात संरक्षणासाठी टॉर्च हे शेतकऱ्याचे नित्याचे साधन आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत वस्त्या विखुरलेल्या आहेत. तेथील आश्रमशाळांमध्ये निवासी विद्यार्थी असल्याने सेल गोळा करण्याची वेळ सुट्टीवरून परतण्याशी जोडणे सोयीचे ठरते.

एका शाळेचे संकलन वाहतुकीच्या दृष्टीने अपुरे असते. उदाहरणादाखल, ३०० विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येक घरातून वर्षाला १० पेन्सिल सेल आले, तर ३,००० सेल जमतात. एका सेलचे वजन सरासरी १८ ग्रॅम धरल्यास हा माल केवळ ५४ किलोग्रॅम भरतो. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांमध्ये विभागलेल्या असून प्रत्येक केंद्रावर केंद्रप्रमुख असतो आणि शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. अशा १० शाळांचा माल केंद्रशाळेत आल्यास तो अर्ध्या टनाच्या घरात जातो आणि एका फेरीत नेता येतो. राष्ट्रीय हरित सेना आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले माझी वसुंधरा अभियान यांच्याशीही असे काम जोडता येते.

इतर देशांतील स्थिती

बेल्जियममध्ये १९९५ मध्ये स्थापन झालेली बेबॅट ही संस्था उत्पादकांच्या निधीवर चालते. दुकाने व शाळा यांत संकलन पेट्या ठेवून ती निकामी बॅटऱ्या गोळा करते. युरोपीय संघाने वहनीय बॅटऱ्यांच्या संकलनाचे लक्ष्य २०१६ साठी ४५ टक्के ठेवले होते. २०२३ च्या नव्या नियमनानुसार ते २०२७ अखेर ६३ टक्के व २०३० अखेर ७३ टक्के करण्यात आले आहे. जपानमध्ये होक्काइडो बेटावरील इतोमुका येथे पाऱ्याच्या जुन्या खाणीच्या जागी वापरलेल्या कोरड्या सेलवर प्रक्रिया केली जाते.

मर्यादा

पेटी ठेवणे सोपे आणि ती रिकामी करणे कठीण, ही अशा उपक्रमांची प्रमुख अडचण आहे. उपक्रम एखाद्या उत्साही शिक्षकावर अवलंबून असेल तर त्याच्या बदलीनंतर जमलेला माल शाळेच्या अडगळीत पडून राहतो. वजनावर आधारित स्पर्धा ठेवल्यास मुले चालू स्थितीतील सेल किंवा घरातील जड शिसे-आम्ल बॅटऱ्या आणण्याचा संभव असतो. म्हणून वजनाऐवजी सहभागी घरांची संख्या मोजणे अधिक सुरक्षित मानले जाते. संकलनाचा भार मुलांवर व शिक्षकांवर पडल्याने उत्पादकाची कायदेशीर जबाबदारी झाकली जाते, असाही आक्षेप घेता येतो. वाहतुकीचा खर्च उत्पादक किंवा त्याच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेने उचलल्यास आणि शाळेला पुनर्चक्रीकरणाची पावती मिळाल्यास या आक्षेपाचे बऱ्याच अंशी निरसन होते. पुन्हा प्रभारित करता येणारे सेल वापरून कचऱ्याचे मूळ प्रमाणच घटविणे हा संकलनास पूरक उपाय आहे.

हे सुद्धा पहा

ई-कचरा
घनकचरा व्यवस्थापन
विद्युतघट
नाशिक महानगरपालिका
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ