तत्काळ तिकिटांची झुंबड आणि संगणकांमधील भारवाटप

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची विक्री वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता, तर इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते. जून २०१५ पूर्वी दोन्हींची वेळ एकच होती. आरक्षण यंत्रणेवर एकाच क्षणी कोसळणारी मागणी विभागली जावी, हा त्या बदलामागील हेतू होता. भारवाटपाचा हा सर्वांत साधा मार्ग होय. परंतु त्या एका मिनिटात उरणारी गर्दीही मोठीच असते आणि ती अनेक संगणकांमध्ये कशी वाटावी, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

मोठ्या संकेतस्थळामागे सर्व्हरांचा ताफा असतो. येणारी प्रत्येक विनंती त्यांपैकी कोणाकडे सोपवायची, हे ‘लोड बॅलन्सर’ ही यंत्रणा ठरवते. पाळीपाळीने वाटणे ही जुनी रीत. ती न्याय्य दिसते. पण गाडीची वेळ पाहणे आणि आरक्षण करून पैसे स्वीकारणे ही सारख्या वजनाची कामे नव्हेत. त्यामुळे एखाद्या सर्व्हरच्या वाट्याला लागोपाठ जड कामे येतात आणि शेजारचा रिकामा राहतो.

मग सर्वांत रिकामा सर्व्हर शोधून त्यालाच काम द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ताफा मोठा असेल, तर प्रत्येकाची खबर क्षणोक्षणी गोळा करणे हेच एक ओझे होऊन बसते. शिवाय ती खबर थोडी जरी शिळी असली, तरी वाटप करणाऱ्या साऱ्या यंत्रणा त्याच एका सर्व्हरकडे काम लोटतात आणि तो पाहता पाहता तुंबतो.

यावर १९९०च्या दशकात गणितज्ञांनी दिलेला तोडगा आश्चर्य वाटावे इतका स्वस्त आहे. कोणतेही दोन सर्व्हर यदृच्छया निवडावेत आणि त्यांपैकी कमी व्यग्र असलेल्याला काम द्यावे, एवढेच. मायकेल मिट्झेनमाकर यांनी अभ्यासलेल्या गणिती प्रारूपात ताफा ९९ टक्के व्यग्र असेल आणि सर्व्हर डोळे झाकून निवडला, तर एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या सरासरी १०० पट वेळ विनंतीला थांबावे लागते. दोहोंतून निवड केल्यास हाच काळ सुमारे साडेपाच पटींवर येतो. तिसऱ्या सर्व्हरची चौकशी केली, तर तो चारपटींच्या आसपास उतरतो. म्हणजे खरा लाभ दुसऱ्या चौकशीतच पदरी पडलेला असतो.

तिकिटांच्या बाबतीत मात्र एक गाठ उरतेच. एकच शायिका दोघांना विकली जाऊ नये, म्हणून तिच्या नोंदीपाशी प्रत्येक विनंतीला आपली पाळी येईपर्यंत थांबावेच लागते. वेगवेगळ्या गाड्यांच्या नोंदी वेगवेगळ्या संगणकांवर ठेवता येतात. परंतु सणासुदीला हजारोंना हव्या असलेल्या एकाच गाडीच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी ताफ्यात सर्व्हर वाढवले, तर पान लवकर उघडेल. त्या नोंदीपुढची रांग मात्र तेवढीच राहील.