आजीचे माहेरचे नाव

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपल्यावर आम्ही सगळ्यांना विचारले, तुमच्या आजीच्या आईचे नाव काय? १४ जणींपैकी दोघींनाच सांगता आले. पणजोबांचे नाव मात्र बहुतेकींना पाठ होते.

कोकणातल्या कित्येक घराण्यांनी कुलमंडळे काढली, जाडजूड कुलवृत्तांत छापले. पण जुन्या वंशवृक्षांत बहुतेक मुलगेच सापडतात. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच थांबते. त्यात लग्नात नाव बदलायची पद्धत. माहेरची यशोदा सासरी लक्ष्मी होते, आणि कागदावर त्या दोन वेगळ्या बायका दिसतात.

आमच्या गटातल्या एका ताईंना हेच भोवले. वडील वारले तेव्हा जमिनीला वारस म्हणून दोघा भावांचीच नावे लागली. ताईंना कळले चार वर्षांनी, सातबारा काढला तेव्हा. आधार कार्डावर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. ही तीच लेक, हे दाखवायचे कसे?

मग आम्ही त्यांच्यासोबत शोधायला बसलो. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढला की कोण वारले आणि कोणाची नावे लागली ते कळते. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. तिथेच गाव नमुना १४ मागा. जुनी माणसे त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात गावातले जन्म-मृत्यू आहेत, पण कित्येक ठिकाणी बाळाचे नावच नाही. बापाचे नाव आणि पुढे 'मुलगी', एवढेच. म्हणून तारीख जुळवावी लागते, आणि तारीख मिळते शाळेच्या रजिस्टरात. मुस्लिम मैत्रिणींनी जमातीची निकाहाची नोंद पाहावी. ताईंच्या कामी आली ती ट्रंकेतली लग्नपत्रिका. तिच्यावर वडिलांचे आणि नवऱ्याचे, दोन्ही नावे होती. प्रांतांकडे अपील केले आहे, निकाल अजून यायचा आहे.

आडनावावर मात्र विसंबू नका. आपल्या किनाऱ्यावर हिंदू, मुसलमान, बेने इस्रायली, सगळ्यांनी गावावरून आडनावे घेतली. दोन दिवेकर एकाच कुळातले असतील असे नाही.

कायदा आता स्पष्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील तेव्हा हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. मुस्लिम कायदा वेगळा, पण लेकीचा वाटा त्यातही आहे. भाऊ हक्कसोडपत्र पुढे करील तेव्हा आधी वाचून घ्या. सोडायचे असेल तर खुशाल सोडा, पण काय सोडतोय ते कळू दे.

येत्या मंगळवारी आम्ही वही घेऊन वाडीतल्या सर्वांत वयस्क आजींकडे जाणार आहोत. सकाळीच जायचे आहे, दुपारी त्या झोपतात.