तरुण वयातली काळजी आणि तिचा हिशेब

काळजी म्हणजे अजून न घडलेल्या वाईट गोष्टीबद्दल मनाने स्वतःशीच चालवलेली बडबड. भीतीला समोर काहीतरी लागते, काळजीला नुसता ‘तर’ पुरतो. मुलाखतीत अडखळलो तर, यादीत नावच नसले तर, घरचे कर्ज फिटले नाही तर. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात काळजीचा बारकाईने अभ्यास केला. काळजी चित्रांपेक्षा शब्दांत जास्त चालते, असे त्याला आढळले. म्हणूनच ती विचार करण्यासारखी, जबाबदारीने वागण्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तेच दोन-तीन प्रश्न फिरून फिरून येतात आणि उत्तरापाशी कोणीच पोहोचत नाही.

असे असूनही ती सुटत का नाही? भाकीत केलेले वाईट बहुतेक वेळा घडतच नाही, आणि मन त्याचे श्रेय काळजीला देऊन मोकळे होते. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात चिंताविकार असलेल्या लोकांना दहा दिवस आपल्या काळज्या लिहून ठेवायला सांगितले होते. पुढे महिनाभर त्यांतले काय खरे झाले ते तपासले. सुमारे ९१ टक्के काळज्या खोट्या ठरल्या, आणि जे घडले त्यातलेही काही अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. ज्यांनी हा हिशेब स्वतः मांडला, त्यांची काळजी कमीही झाली. काळजी न लिहिता नुसती मनात ठेवली, तर हा ताळा करायची संधीच मिळत नाही.

सगळीच काळजी निरुपयोगी असते असे मात्र नाही. अर्जाची शेवटची तारीख आठवून माणूस उठतो आणि अर्ज भरतो, तेव्हा तिने आपले काम केलेले असते. अडचण होते ती अर्ज भरून झाल्यावरही ती तशीच चालू राहिली की.

अठरा ते पंचवीस हे वय काळजीला फार मानवते. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली या वर्षांना आयुष्याचा स्वतंत्र टप्पा मानावे असे मांडले: बालपण संपलेले, पण नोकरी, घर, जोडीदार यांपैकी काहीच ठरलेले नाही. मराठी माणूस याच वर्षांना गद्धेपंचविशी म्हणून हसत आला आहे. त्यातून जाणाऱ्याला हसू येत नाही. दूरचा विचार करणारा, भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. निर्णय मात्र त्याआधीच घ्यावे लागतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (२००५) आढळले की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. या वयातला ताण ‘वयाचे खूळ’ म्हणून झटकून टाकणे म्हणूनच धोक्याचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्यासारख्या तालुक्यात या वयाला आणखी एक धार असते. मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरी आणि राजापूर यांच्या मधला हा तालुका. भात, हापूस आणि काजू यांवर जगणारा, आणि कित्येक पिढ्या मुंबईला माणसे पुरवणारा. इथे शिक्षणाची आबाळ नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेले कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून बारावीच्या निकालात राज्यात पहिले येत आले आहे. प्रश्न निकालानंतरचा आहे. चांगले गुण मिळवलेल्या मुलाने पुढे काय करायचे, याला गावात उत्तरे थोडी: मुंबई-पुण्याची नोकरी, नाहीतर पोलीस भरती, एमपीएससी यांची वर्षानुवर्षांची तयारी. जो जातो त्याला दहा बाय दहाच्या खोलीची आणि लोकलची काळजी. जो राहतो त्याला राहिल्याची.

ही राहिल्याची काळजी गणपतीत टोकाला जाते. आडवली आणि विलवडे स्थानकांवर गाड्या थांबतात, चाकरमानी उतरतात, घरे भरतात. आरती आटोपून माणसे ओटीवर टेकली की एखादे काका सहज विचारतात, “काय रे, सध्या काय करतोस?” विचारण्यात वाईट हेतू नसतो. पण त्याच घरातला मुंबईचा चुलतभाऊ शेजारीच बसलेला असतो, आणि उत्तर देणाऱ्याला आपले शब्द तोकडे वाटतात. माणूस स्वतःचे मोल आसपासच्यांशी ताडून ठरवतो, हे लिऑन फेस्टिंगरने १९५४ सालीच मांडले होते. पूर्वी हे ताडणे सणासुदीपुरते होते. मोबाइलने ते रोजचे केले. शिवाय पडद्यावर चुलतभावाची नवी मोटरसायकल दिसते, तिचा हप्ता दिसत नाही.

यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’. सगळे छान होईल असे रोज मनाशी घोकायचे, यशाचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे. ऐकायला हे बिनखर्चिक वाटते, पण त्याची किंमत पडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षे माग घेतला (प्रसिद्धी २००२). ज्यांनी मनातल्या मनात यशाची सुखद दिवास्वप्ने जास्त रंगवली होती, त्यांनी अर्ज कमी केले. त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. उलट आजवरच्या अनुभवावरून ‘आपल्याला जमेल’ असा अंदाज ज्यांनी बांधला होता, त्यांचे बरे चालले. दिवास्वप्नात यश आधीच मिळून गेलेले असते, म्हणून अंग ढिले पडते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी २००९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. स्वतःबद्दल मुळातच कमी मत असलेल्यांनी ‘मी लोकांना आवडण्याजोगा आहे’ असे स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हटले, तेव्हा त्यांना आणखी वाईट वाटले. मन त्या वाक्याशी भांडते आणि भांडण जिंकते. प्रेरणादायी भाषणांच्या बाजारात ही माहिती फारशी खपत नाही.

टिकणारी उमेद वेगळ्या वाटेने येते, आणि त्या वाटेचा एक मोठा शिल्पकार म्हणजे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा मुलगा मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. एकोणीस वर्षांचा असताना त्याने स्वतःलाच एक काम नेमून दिले. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचे आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, मग पाय कितीही लटपटोत. महिन्याभरात त्याने अशा १३० जणी गाठल्या. त्यांतल्या तीस लगेच उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणे झाले, पक्ष्यांवर, फुलांवर, पुस्तकांवर. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, आणि तीही आली नाही. यशाच्या मापाने हा साफ बोजवारा. पण कोणी ओरडले नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आणि एलिसची भीती गेली. नकार नकोसा असतो, भयंकर नसतो, हे त्याला पुस्तकातून नव्हे तर त्या बाकांवर कळले.

पुढे १९५५ मध्ये त्याने या अनुभवाला उपचारपद्धतीचे रूप दिले. मराठीत ती विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात ती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने मुंबईच्या कि. मो. फडके यांना जाते. एलिसशी त्यांचा कित्येक दशके पत्रव्यवहार होता, आणि त्यांनी इथल्या समुपदेशकांना या पद्धतीचे शिक्षण दिले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था उभी केली. त्यांच्या ‘स्वभाव-विभाव’ या पुस्तकाने हीच पद्धत सामान्य मराठी वाचकाच्या हाती दिली. मुळातला विचार फार जुना, ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा: माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, घटनेकडे पाहण्याची त्याची दृष्टी करते. एलिसने त्याला रोज वापरता येईल असे हत्यार केले.

ते चालते कसे? भरतीच्या यादीत नाव आले नाही, ही घटना. आठवडाभर खोलीतून बाहेर न पडणे, हा परिणाम. वरवर पाहता पहिलीने दुसरा घडवला. पण त्याच यादीत नाव नसलेला दुसरा मुलगा दोन दिवस खट्टू होतो आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर धावायला येतो. म्हणजे मध्ये आणखी काहीतरी आहे. पहिल्याच्या मनात तीन वाक्ये असतात: मला यात यश मिळालेच पाहिजे होते, ते मिळाले नाही हे भयंकर आहे, मी कवडीमोलाचा आहे. दुसऱ्याच्या मनात इच्छा तितकीच तीव्र असते, तिची मागणी मात्र झालेली नसते.

या वाक्यांना उलटतपासणीला उभे करायचे असते. यश मिळालेच पाहिजे असा नियम कुठे लिहिला आहे? जागा थोड्या आणि अर्ज अफाट असताना बहुतेकांची नावे न येणे हाच हिशेब नाही का? भयंकर म्हणजे किती: हातपाय मोडण्याइतके की वर्ष वाया जाण्याइतके? एका परीक्षेच्या निकालावरून धावणे, पोहणे, कलमे बांधणे, आजीचे औषधपाणी बघणे हे सगळे करणाऱ्या माणसाची एकच किंमत कशी काढणार? ही उत्तरे खोटी गोड नाहीत, म्हणूनच मन त्यांच्याशी भांडत बसत नाही. यातून निवांतपणा येतो असे नाही. यादीत नाव न आल्याचे वाईट वाटतेच, वाटावेही. फरक इतकाच की वाईट वाटणारा माणूस दुसऱ्या अर्जाची तारीख बघतो, आणि खचलेला बघत नाही.

रोजच्या वापरासाठी आणखी काही साध्या युक्त्या आहेत. बोर्कोवेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली एक म्हणजे काळजीला वेळ नेमून देणे: ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. दिवसभरात ती डोके वर काढेल तेव्हा वहीत एक ओळ टिपायची आणि हातातल्या कामाला लागायचे. संध्याकाळी वही उघडली की निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांची वाटणी करायची: हातातले आणि हाताबाहेरचे. आंबा बागायतदार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. मोहोरावर ढगाळ हवा येणार की नाही हे त्याच्या हातात नाही. तुडतुड्यांवर वेळेत फवारणी करणे, फळपीक विम्याचा हप्ता मुदतीत भरणे, माल कुठल्या पेढीवर पाठवायचा ते आधी ठरवणे हे आहे. झोपेची वेळ पाळणे, रोज घाम येईल इतके चालणे किंवा धावणे आणि रात्री मोबाइल उशापासून लांब ठेवणे याही हातातल्याच गोष्टी.

मन खचले की माणूस आधी एकेक गोष्ट सोडतो: क्रिकेट, मित्र, नमनाच्या तालमी, शिमग्यात पालखीला खांदा देणे. ‘बरे वाटले की जाईन’ असे तो म्हणतो. क्रम नेमका उलटा आहे. गेल्याने बरे वाटते. शेजारच्या गोव्यात याची पक्की चाचणी झाली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम आखला. सोडून दिलेली छोटी छोटी कामे रुग्णाने पुन्हा हाती घ्यावीत, हा त्याचा गाभा. तो चालवणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या कार्यक्रमातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांत राहिलेल्यांपैकी ३९ टक्के. लांज्यासारख्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसतो. कोकणाच्या दृष्टीने या चाचणीचे मोल त्यामुळेच मोठे आहे. नापास झाल्यावर तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून पालखीला न जाणारा मुलगा आपले औषधच टाळत असतो.

घरच्यांच्या हाती बरेच असते. दुसरी वाट कोणती, हे बोलणे निकालानंतर नव्हे, आधी व्हायला हवे: किती वर्षे तयारी करायची, नाही जमले तर काजू प्रक्रिया, वायरमनचा कोर्स की आणखी काही. वाट आधी बोललेली असली की ती माघार वाटत नाही. आणि गणपतीत येणाऱ्या काकांनी ‘काय करतोस’ऐवजी ‘यंदा आंबा कसा होता’ एवढेच विचारले, तरी पुष्कळ होईल.

हे सगळे साध्या काळजीसाठी. उदासी दोन आठवडे रोज टिकली, झोप आणि भूक उडाली, कशातच रस उरला नाही, किंवा काळजीने छातीत धडधड होऊन घराबाहेर पडणेच थांबले, तर युक्त्यांवर विसंबू नये, तज्ज्ञांकडे जावे. लांज्याहून चाळीसेक किलोमीटरवर रत्नागिरीत जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. ब्रिटिश काळापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालयही तिथेच आहे. त्याच्या नावाचा धसका कोकणात अजून टिकून असला, तरी ते आजार बरे करण्याचे ठिकाण आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी फोन करावा, आणि त्या माणसाला घरच्यांनी एकटे सोडू नये.