मदतनिधीसाठी सागरी साहस : माघारीचा निर्णय किनाऱ्यावरच हवा

मेटगळ्ळी (म्हैसूर) : म्हैसूरपासून समुद्र दूर असला, तरी शेजारच्या चामराजनगरातील ‘दीनबंधू’ संस्थेच्या अनाथ मुलांसाठी थेट अटलांटिक महासागरातून निधी उभारला गेला. बेंगळुरूत जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनन्या प्रसाद ११ डिसेंबर २०२४ रोजी कॅनरी बेटांतील ला गोमेरा येथून एकट्याच नाव वल्हवत निघाल्या आणि सुमारे ३,००० मैल पार करून ५२ दिवसांनी अँटिग्वाला पोहोचल्या. वाटेत सुकाणू तुटले. त्याची दुरुस्ती त्यांनाच भर समुद्रात करावी लागली.

अशा मोहिमेत मदत जवळपास नाही, हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते. उलटली तरी आपोआप सरळ होणारी नाव, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, पुरेसा शिधा, उपग्रह फोन, नावेशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि संकटसंदेश देणारे बीकन ही किमान साधने होत. ती हाताळण्याचा सरावही तितकाच आवश्यक असतो.

संदेश पोहोचला म्हणजे मदत पोहोचली, असे मात्र नव्हे. नौदल अधिकारी अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करत असताना २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या ‘थुरिया’ नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ठावठिकाणा माहीत असूनही फ्रान्सचे ‘ओसिरिस’ जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचले ते २४ सप्टेंबरला. बीकनमुळे शोध सोपा होतो, अंतर कमी होत नाही.

भारतात बीकनचे संकेत उपग्रहामार्फत इस्रोच्या बेंगळुरू येथील केंद्राकडे येतात व तेथून तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्रांना कळवले जातात. बीकनची नोंदणी आणि संपर्काचा तपशील अद्ययावत नसेल, तर मोलाचा वेळ वाया जातो. सागरी संकटाची सूचना तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावरही देता येते.

मदतनिधीच्या मोहिमेत आणखी एक जोखीम असते, ती देणगीदारांच्या अपेक्षेची. ‘मोहीम पूर्ण झाली तरच देणगी’ अशी अट असल्यास बिघडत्या हवामानातही पुढे जाण्याचे दडपण येते. म्हणून मोहीम कोणत्या परिस्थितीत थांबवायची आणि तो निर्णय किनाऱ्यावरून कोण देणार, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवावे. देणगी मोहीम पूर्ण होण्याशी बांधली नाही, तर अर्ध्यावरून परतणाऱ्याला मुलांचा घास हिरावल्याचे ओझे वाहावे लागत नाही.