वॉर्ड, उपकेंद्र आणि पाडा : नर्सिंगच्या पोस्टिंगबद्दलचे गैरसमज

बारावीचा निकाल लागला की त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, हरसूल भागातल्या अनेक घरांत नर्सिंगचा विषय निघतो. एएनएम अभ्यासक्रम घ्यायचा की जीएनएम, फी किती, वसतिगृह कुठे, याची चौकशी होते. पण या शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर, रुग्णालयात आणि गावात होतो. त्या पोस्टिंगबद्दल मात्र सगळा भरवसा ऐकीव गोष्टींवर. त्यामुळे काही मुली पहिल्या महिन्यातच खचतात, आणि जिथे सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ती पोस्टिंग कशीबशी उरकतात. म्हणून हे जरा नीट सांगायला हवं.

आधी चौकट. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींत शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषद ठरवते. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. एएनएमला फक्त मुलींना प्रवेश मिळतो, जीएनएमला मुलांनाही.

‘पहिल्याच दिवशी हातात सुई देतात’

नाही देत. आधी डेमो रूममध्ये पुतळ्यावर सराव, मग वॉर्डात नुसतं निरीक्षण. त्यानंतर टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजणं, बीपी घेणं, बेडमेकिंग. ट्यूटरसमोर काम बरोबर करून दाखवलं की प्रोसिजर बुकात सही मिळते, मग पुढचं काम. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असा निकष आहे, तो याचसाठी. इंजेक्शन किंवा औषध विद्यार्थिनीने एकटीने द्यायचं नसतं. घाईच्या वेळी वॉर्डातलं कोणी ‘दे गं पटकन’ म्हणालं, तर ‘मॅडम समोर असताना देते’ असं सांगायला लाजू नये. त्यात उद्धटपणा नाही. रुग्णाच्या आणि तिच्या स्वतःच्याही सुरक्षिततेसाठी ते गरजेचं आहे.

‘विद्यार्थिनी म्हणजे फुकटची कामवाली’

या तक्रारीत थोडं तथ्य आहे आणि बराच गैरसमज. रुग्णाला स्पंज करणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं ही नर्सिंगचीच कामं आहेत. अंथरुणाला खिळलेल्या आजीला कुशीवर वळवताना तिच्या माकडहाडापाशी, टाचांवर त्वचा लाल झाली आहे का, दाबल्यावर ती लाली जाते का, हे दिसतं. जात नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात असू शकते. कमरेला हात घालून आजीला वळवणाऱ्या मुलीलाच ते आधी कळतं. लघवीचा रंग गडद झाला, हेही बेडपॅन उचलणारीच सांगू शकते. मात्र दिवसभर फायली या इमारतीतून त्या इमारतीत नेणं म्हणजे शिक्षण नव्हे. तेच रोज होत असेल तर ट्यूटरला सांगावं, केसबुक रिकामं राहतंय हे दाखवून सांगावं.

‘रक्त पाहून चक्कर आली, म्हणजे हे काम आपलं नाही’

पहिल्या ड्रेसिंगला किंवा पहिल्या बाळंतपणाला डोळ्यांपुढे अंधारी येणं अगदी सामान्य आहे. नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून तसं होतं; धीर कमी असल्याचं ते लक्षण नाही. उपाशीपोटी ड्यूटीला जाऊ नये. गुडघे ताठ ठेवून फार वेळ उभं राहू नये. घाम फुटला, कान बंद झाल्यासारखे वाटले की तिथेच खाली बसावं. बहुतेकींचं हे काही दिवसांत थांबतं.

‘गावची पोस्टिंग म्हणजे आराम’

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी वॉर्ड गजबजलेले, म्हणून ते खरं शिक्षण. उपकेंद्रावर जायचं म्हणजे सहल. मला हे पूर्ण उलट वाटतं, आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यात तर फारच उलट.

हा आदिवासी तालुका. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली कुटुंबं डोंगरउतारांवरच्या पाड्यांत विखुरलेली. सपाटीवर 5,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र हा निकष, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात 3,000 ला एक. आकडा लहान, पण चालणं जास्त. वॉर्डात रुग्ण तुमच्याकडे आलेला असतो, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. पाड्यावर तुम्ही दुसऱ्याच्या घरात पाहुण्या असता, आणि समोरच्या बाईला तुमची गरज आहे असं अजून वाटलेलंही नसतं.

गृहभेटीची बॅग टेक्निक घ्या. पुस्तकात सोपी आहे: बॅगेखाली वर्तमानपत्र पसरा, बॅग उघडण्याआधी हात धुवा, स्वच्छ वस्तू एका बाजूला, वापरलेल्या दुसऱ्या बाजूला. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या याच तालुक्यात चैत्र-वैशाखात बायका लांबून डोक्यावर पाणी आणतात. त्या हंड्यातलं पाणी हात धुवायला मागायचं का? शहाणी विद्यार्थिनी स्वतःची बाटली आणि साबण घेऊन जाते. पहिली पाच मिनिटं बीपीचं यंत्र काढत नाही, आशाताईंबरोबर ओट्यावर बसते, बाळाचं नाव विचारते. हे कुठल्याही प्रोसिजर बुकात सहीसाठी नसतं.

लसीकरणाचा दिवस तर पाहण्यासारखा. बीसीजी डाव्या दंडावर त्वचेच्या आतल्या थरात, पेंटाव्हॅलंट मांडीत. बीसीजी किंवा एमआर (गोवर-रुबेला) लसीची कुपी द्रव मिसळून तयार केली की तिच्यावर वेळ लिहायची, आणि चार तासांनंतर ती वापरायची नाही. प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो, आणि कार्ड जपून ठेवा. लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, पिकते, हे आधी सांगितलं नाही तर आई पुढच्या लसीला येतच नाही.

आणि इथे कार्डाचं महत्त्व दुप्पट. भात, नागली निघाली की अनेक कुटुंबं दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. बाळाचा पुढचा डोस तेव्हाच येतो. ‘कार्ड सोबत न्या, तिथल्या केंद्रातही लस मिळते’ हे एक वाक्य विद्यार्थिनीने विसरता कामा नये. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजताना पट्टी 11.5 सेंटीमीटरच्या खाली आली, तर ते मूल अतितीव्र कुपोषित. नुसतं वहीत लिहून पुढे जायचं नसतं, त्याच दिवशी सिस्टरांना सांगायचं असतं.

त्र्यंबकमध्ये आणखी एक वेगळेपण. पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा, श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी अशा दिवसांत या छोट्या गावाची गर्दी कैक पटींनी वाढते, आणि 2026 ते 2028 या काळात सिंहस्थ कुंभमेळा आहे. साखर उतरलेले मधुमेही, पाणी कमी पडून गळून गेलेले वारकरी, पाय मुरगळलेले यात्रेकरू, कोणाबरोबर नातेवाईक नाही, कोणाची भाषा वेगळी. आधी कोणाकडे बघायचं, कोण थोडा थांबू शकेल, हा निर्णय पुस्तक वाचून येत नाही.

‘पोस्टिंगला गेलं की रोग घरी येतो’

भीती खोटी नाही, पण उपाय ठरलेले आहेत. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, पहिल्यानंतर एक आणि सहा महिन्यांनी, पोस्टिंगआधीच सुरू करावेत. साबणाने हात 40 ते 60 सेकंद धुवावेत. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. ती पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात जाते. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत. तरीही सुई टोचलीच, तर बोट दाबू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच इन्चार्ज सिस्टरांना सांगा. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं. 72 तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणं, हाच सगळ्यात मोठा धोका.

‘रात्रपाळी चांगल्या घरच्या मुलींसाठी नाही’

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी घरांतल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं, तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. पालकांनी कॉलेजला नेमकं विचारावं: रात्रपाळीला ने-आण कोण करतं, सोबत कोण असतं? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मिळायलाच हवं.

‘फोटो, रील काढले तर काय बिघडतं’

लेबर रूम किंवा वॉर्डातला रुग्ण कॅमेऱ्यात येता कामा नये, चेहरा झाकूनसुद्धा. लहान गावात पायातल्या कड्यावरूनही बाई ओळखू येते. विद्यार्थिनीकडून तपासून घ्यायला रुग्णाने नकार दिला, तर तो मान्य करायचा. त्याचा तो हक्क आहे.

‘एखादी दांडी चालते’

वर्गात 80 टक्के हजेरी पुरते. प्रात्यक्षिकाला नाही, पदविका हातात पडण्याआधी प्रत्येक विभागातली हजेरी 100 टक्के भरावी लागते. आजारपणात, लावणीच्या दिवसांत किंवा घरच्या लग्नात बुडालेली ड्यूटी नंतर भरून द्यावीच लागते, म्हणून बुडालेल्या दिवसांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा आणि ते कधी भरायचे हे ट्यूटरकडून त्याच महिन्यात लिहून घ्या.