बोंडले

तळवड्याला बिऱ्हाड करून आम्हांला आता सहा वर्षे झाली. देहू-आळंदी रस्त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांच्याखाली एखादे कुत्रे सापडले तर इथे त्याची बातमी होत नाही. गेल्या मार्गशीर्षात मात्र ती बातमी आमच्या दाराशी आली. रात्रपाळीहून परतणाऱ्या शेजारच्या मुलाने पुठ्ठ्याचे एक खोके आणून ठेवले. आत दोन पिले. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, मुठीएवढा जीव. त्यांची आई रस्त्यावर मरून पडली होती.

"आपल्याला झेपायचं नाही हे," सौ. म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी दत्तजयंती. "दत्ताच्या पायाशी बसणारी जात ही. दारातून परत कशी पाठवायची?" असे म्हणत माझ्या आईने ट्रंक उघडली आणि चांदीचे बोंडले बाहेर काढले. त्याच बोंडल्याने मी दूध प्यालो, माझा मुलगाही प्याला. गाईचे दूध कोमट केले, एक पिलू तान्ह्या बाळासारखे पायांवर उताणे घेतले आणि मी धार सोडली. थोडे दूध त्याच्या नाकातून बाहेर आले. आम्हांला वाटले, पोट भरले.

पहाटे ते पिलू गेले.

काय चुकले ते गुरांच्या डॉक्टरांकडून कळले. उताण्या पिलाचे दूध श्वासनळीत उतरते. कुत्री पाजते तेव्हा पिले पालथी असतात. तसेच पाजायचे, मान किंचित वर. शिवाय गाईचे दूध त्यांना पाणचट. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने दुपटीहून अधिक. पण दुधाची गोष्ट पुढची. उरलेल्या पिलाच्या तोंडात बोट घालून डॉक्टर म्हणाले, "हे गार पडलंय. आधी ऊब, मग दूध." पहिल्या आठवड्यात पिलाला धड कुडकुडताही येत नाही, आणि अंग गार असले की पोटातले दूध पचत नाही.

निबंधात 'मायेची ऊब' लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वीस वर्षे 'गुळगुळीत शब्दप्रयोग' असा शेरा देत आलो आहे!

मग आमचा रतीब सुरू झाला. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका अंगाला. उकडले तर सरकता यावे म्हणून दुसरे अंग मोकळे. निगडीहून आणलेली पिलांची दूधभुकटी, आणि दर अडीच तासांनी गजर. रात्रीची पाळी माझी. उत्तरपत्रिका तपासायच्याच होत्या. (त्या खेपेस गुण जरा सढळ पडले असतील, तर कारण हे.) प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पिलाचे ढुंगण हलके पुसायचे. कुत्री चाटते ते काही नुसत्या लाडाने नव्हे. त्यावाचून एवढ्याशा पिलाला लघवीसुद्धा होत नाही.

जिला झेपणार नव्हते ती सौ. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करी. २८० ग्रॅम. २७५. पुन्हा २७५. त्या दिवशी घरात कुणी फारसे बोलले नाही. चौथ्या दिवशी २९० भरले, आणि ती काटा तसाच टाकून शेजारी सांगायला धावली.

बाराव्या-तेराव्या दिवशी डोळे किलकिले झाले, निळसर, धुरकट. आम्ही सारे खोक्याभोवती वाकलो. आई तेवढी उठून मोरीत गेली. ते बोंडले त्या पहाटेपासून तिथेच पडून होते, कुणी त्याला हात लावला नव्हता. तिने ते चिंचेने घासले, पदराने कोरडे केले आणि ट्रंकेत अगदी तळाशी ठेवून दिले.